जुनी परदेशी मोटार आणि तिचें दफ्तर

पिढीजाद दागिना असला तर तो पेटींत निश्चिंत राहतो. जमीन असली तर ती जागची हलत नाहीं, आणि तिचा सातबारा तलाठ्याच्या दफ्तरीं असतो. जुनी मोटार ही मात्र मोठी विलक्षण मिळकत आहे. ती दागिन्यासारखी हौसेची असते, जमिनीसारखी कागदाच्या आधारावर उभी असते, आणि गोठ्यांतल्या जनावराप्रमाणें तिला सदोदित निगा लागते. या तिन्ही गोष्टी ज्याला एकदम संभाळतां येतात, तोच तिचा खरा मालक. बहुतेक हौशी मंडळींना पहिली गोष्ट आपोआप कळते, तिसरी अनुभवानें कळूं लागते. दुसरी मात्र फार उशिरां, आणि पुष्कळदां फार महागांत कळते.

हिंवाळ्यांतील एकाद्या रविवारीं सकाळीं मुंबईच्या रस्त्यावरून जुन्या मोटारींची मिरवणूक निघते. पितळी दिवे, तारांच्या आऱ्यांचीं चाकें, कापडी टप आणि रबरी फुग्याचा भोंगा पाहून रस्त्याच्या कडेचीं मुलें टाळ्या वाजवितात. मोठीं माणसें किंमत विचारतात. परंतु त्या गाडीच्या पोलादी सांगाड्यावर, चिखलानें व तेलाच्या किटणानें झांकून गेलेले, कांहीं आंकडे ठोकलेले असतात, त्यांच्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं. ती गाडी कोणत्या कारखान्यांतून निघाली, केव्हां निघाली, आणि आज तिजवर कोणाचा हक्क आहे, या सर्व प्रश्नांचीं उत्तरें अखेरीस त्या आंकड्यांपाशीं येऊन थांबतात. ते आंकडे व मालकाजवळचा कागद हे एकमेकांशीं जुळले, तर ती मोटार. न जुळले, तर तें सुंदर पण बेवारशी लोखंड.

भारतांतील जुन्या मोटारीची गोष्ट म्हणजे मुळांतच परदेशी मोटारीची गोष्ट होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्या पहिल्या मोटारी या किनाऱ्यावर उतरल्या, त्या समुद्रापलीकडच्या होत्या. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें मुंबईंत शिवडी येथें कारखाना काढला. परंतु परदेशांतून पेट्यांत भरून आलेले भाग जोडणें, हेंच तेथील काम होतें. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ सालीं आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही १९४४ सालीं स्थापन झाली. तेव्हां दुसऱ्या महायुद्धापूर्वींची जी जी मोटार आज येथें दिसते, ती सबंध नाहीं तर निदान सुट्या भागांच्या रूपानें तरी समुद्र ओलांडून आलेली आहे. ती येथें इतकी रुळली कीं घरच्या मंडळींना ती परदेशी वाटेनाशी झाली, एवढेंच.

मोटारीच्या मागोमाग कायदाहि आला. सर्व देशास लागू असा मोटारींचा पहिला कायदा १९१४ सालचा. त्याहून विस्तृत असा दुसरा कायदा १९३९ सालीं झाला. आणि आज चालू असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. जुन्या मुंबई इलाख्यांतील पुष्कळ गाड्यांच्या नंबरांत प्रारंभीं ‘बी. एम.’ हीं अक्षरें असत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर ‘एम. आर.’ हीं अक्षरें दिसूं लागलीं. आणि पुढें ‘एम. एच.’ व त्यापुढें कार्यालयाचा आंकडा ही पद्धत पडली. जाणता मनुष्य नुसती नंबरपाटी वाचून ती गाडी कोणत्या काळांत नोंदली गेली हें अदमासानें सांगूं शकतो. म्हणजे नंबरपाटी ही देखील एक लहानशी बखरच आहे.

ही बखर हरवली म्हणजे काय होतें, हें समजण्यासाठीं एक नमुनेदार घर डोळ्यांसमोर आणावें. पुण्यांतील जुना बंगला. मागच्या अंगणांत पत्र्याची मोटारखोली. तींत १९३६ सालची चार दारांची ऑस्टिन मोटार, टायरांवर भार येऊं नये म्हणून लांकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली. वडिलांनीं ती तरुणपणीं एका डॉक्टरांकडून विकत घेतली होती. दरवर्षीं दसऱ्यास तिला झेंडूचा हार घालावयाचा, हँडल मारून इंजिन सुरू करावयाचें, आणि अंगणांतल्या अंगणांत चार हात पुढें व चार हात मागें न्यावयाची, असा त्यांचा नेम. पुढें वडील वारले. मागें दोन मुलगे व एक मुलगी. थोरल्यास वाटतें, गाडी विकून मोकळें व्हावें. धाकट्यास वाटतें, तींत नवें इंजिन बसवून ती रोज कचेरींत न्यावी. बहिणीस वाटतें, बाबांची गाडी आहे तशीच रहावी. तिघांचा वाद रंगांत येतो, आणि अशांत बहीण सहज विचारते, “पण दादा, गाडीचें पुस्तक कोठें आहे?” त्याबरोबर खोलींत शांतता पसरते.

कारण पुस्तकावांचून तिघांचेहि बेत सारखेच फुकट आहेत. नोंदणीपुस्तक नसेल तर विकणारास मोडीचा भाव येतो. नोंदणीच सिद्ध होत नसेल तर इंजिनांतील फेरफाराची नोंद कोठें करावयाची? आणि ‘आहे तशीच’ ठेवावयाची म्हटलें तरी, जिचा विमा नाहीं, जी कोणाच्याहि नांवावर नाहीं, अशी गाडी फाटकाबाहेर काढतां येत नाहीं. नोंदणीवांचून सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यास कायद्यानें मनाई आहे, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा तर प्रत्येक वाहनास सक्तीचा आहे. ज्या मिळकतीसाठीं भावंडें भांडत होतीं, ती मिळकत आहे कीं नाहीं, हाच प्रश्न आतां उपस्थित झाला.

अशा घरीं दुसऱ्या दिवशीं एकादा दलाल हटकून येतो. तो मोठ्या आपुलकीनें म्हणतो, “साहेब, कशाला काळजी करतां? याच जातीची एक गाडी भंगारांत निघाली, तिचें पुस्तक माझ्यापाशीं आहे. त्यांतले आंकडे तुमच्या गाडीवर ठोकून देतों. आठ दिवसांत काम होईल.” त्याचें बोलणें गोड असतें आणि मागणी फार नसते. परंतु या सोयीचा अर्थ काय होतो, हें शांतपणें पाहिलें पाहिजे. बाबांची गाडी त्या दिवशीं नाहींशी होते, आणि तिच्या कातड्यांत कोणा तरी मेलेल्या गाडीचें नांव जिवंत होतें. हा फौजदारी गुन्हा आहे, हें तर खरेंच. पण गुन्हा उघडकीस न आला तरी नुकसान टळत नाहीं. खरे आंकडे एकदां कानशीनें घासून टाकले कीं, ते पुन्हां परत आणणें फार कठीण होऊन बसतें. त्या गाडीचा सारा इतिहास एका दुपारीं पुसला जातो.

इंग्लंडांत या बाबतींत एक सूचक पद्धत आहे. ज्या वाहनाचें वय किंवा ओळख संशयास्पद असते, त्यास तेथील नोंदणी खातें ‘क्यू’ या अक्षरानें सुरू होणारा नंबर देतें. गाडी चालविण्यास त्यामुळें अडचण येत नाहीं; परंतु या गाडीच्या कुळाचा पत्ता लागत नाहीं, ही गोष्ट तिच्या कपाळावर कायमची लिहिली जाते. जुन्या गाड्यांचे शोकी त्या अक्षराला फार भितात. गाडीची किंमत तिच्या पितळेंत किंवा रंगांत नसून तिच्या खरेपणांत असते, याची कबुलीच त्या भीतींत आहे.

मग खरी गाडी कोणती? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. आजकालच्या मोटारींस सतरा अक्षरांची व आंकड्यांची ओळख असते. ती पद्धत १९८० च्या सुमारास रूढ झाली. त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याची तऱ्हा निराळी. कोणी सांगाड्यावर, म्हणजे ज्याला मिस्त्री लोक चॅसी म्हणतात त्यावर, आंकडे ठोकी. कोणी इंजिनावर ठोकी. कोणी दोहींवर वेगवेगळे ठोकून शिवाय एक पितळी पट्टी बसवी. १९०८ ते १९२७ पर्यंत दीड कोटींच्या आसपास विकल्या गेलेल्या फोर्डच्या ‘टी’ गाडीची ओळख बहुतेक सर्व काळ तिच्या इंजिनावरील आंकड्यानेंच होत असे. इंजिन बदललें कीं ओळख बदलली! उलट, दुसऱ्या महायुद्धापूर्वींची रोल्स रॉइस ही कारखान्यांतून केवळ सांगाडा व इंजिन एवढ्याच रूपांत बाहेर पडे, आणि तिचें अंग दुसराच कोणी कारागीर ग्राहकाच्या मर्जीप्रमाणें बांधून देई. अशा गाडीस दोन कुळें असतात. म्हणून जो मालक होऊं इच्छितो, त्यानें प्रथम आपल्या गाडीचे आंकडे कोठें असतात, किती असतात, आणि त्यांपैकीं कोणता आंकडा पुस्तकांत लिहिला जातो, एवढें शिकून घ्यावें. पितळी पट्टी दोन खिळे काढून बदलतां येते; सांगाड्यावर ठोकलेला आंकडा सहसा खोटें बोलत नाहीं.

आतां पुन्हां त्या बंगल्याकडे वळावें. बहिणीच्या आग्रहावरून दलालास निरोप दिला जातो. बाबांची जुनी लोखंडी ट्रंक उघडली जाते. तींत पंचांगें, शाळेचे दाखले व भाडेपावत्या यांच्या खालीं मोटारीच्या कराच्या जीर्ण पावत्या व विम्याचा एक कागद निघतो; आणि गाडीसमोर उभ्या असलेल्या आईच्या एका फोटोंत ‘बी. एम.’ अक्षरांची नंबरपाटी स्वच्छ दिसते. इकडे मोटारखोलींत म्हातारा मिस्त्री घासलेटाच्या चिंधीनें सांगाडा पुसूं लागतो. तारेचा ब्रश वापरूं नये, आंकडे झिजतात, अशी तो धाकट्यास तंबी देतो. किटण निघतें, आंकडे दिसूं लागतात. पण एक आंकडा तीन कीं आठ हें कळेना. मग त्यावर पातळ कागद ठेवून मिस्त्री पेन्सिलीचें शिसें हलकेंच फिरवितो. आर. टी. ओ. कचेरींतहि गाडीची ओळख पटविण्यास असाच पेन्सिलीचा ठसा घेतात. कागदावर आठ उमटतो. विम्याच्या कागदांतहि आठच असतो. त्या क्षणीं त्या घराला गाडी पुन्हां मिळाली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

यापुढील मार्ग कंटाळवाणा आहे, पण सरळ आहे. मात्र त्यांतील पायऱ्या क्रमानेंच चढल्या पाहिजेत. हरवलेल्या पुस्तकाबद्दल प्रथम पोलीस ठाण्यांत वर्दी द्यावयाची, आणि नमुना २६ भरून दुय्यम प्रत मागावयाची. कराच्या व विम्याच्या जुन्या कागदांचा उपयोग येथें होतो. कारण त्यांच्या आधारें कचेरीस आपल्या जुन्या नोंदवह्यांत कोणतें पान उघडावें हें सांगतां येतें. दुसरी पायरी वारसाच्या नांवाची. नोंदलेला मालक वारला तर ज्याच्या ताब्यांत वाहन येतें त्यानें तीस दिवसांच्या आंत नोंदणी कचेरीस कळवावें, आणि तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून तें आपल्या नांवावर करून घ्यावें, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत ही गोष्ट कोणास सुचत नाहीं, आणि येथेंच पुष्कळ जुन्या गाड्यांचा धागा तुटतो. वारस एकाहून अधिक असतील तर गाडी एकाच्या नांवावर करण्यास इतरांची लेखी संमति लागते. म्हणून भावंडांचें एकमत हें नुसतें घरच्या शांततेसाठींच नव्हे, तर कागदासाठींहि आवश्यक असतें.

तिसरी पायरी ही निवडीची आहे. भारतांत फार दिवस जुन्या मोटारीस कायद्याच्या दृष्टीनें वेगळें स्थानच नव्हतें. मिरवणुकींतील राजेशाही गाडी आणि मोडकळीस आलेली जुनी टॅक्सी यांत नियम फरक करीत नसत. १५ जुलै २०२१ रोजीं केंद्र सरकारनें केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती प्रसिद्ध केली, तिनें ही उणीव भरून निघाली. या नियमांप्रमाणें, पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेलें, खाजगी वापराचें दुचाकी किंवा चारचाकी वाहन हें ‘विंटेज’ या वर्गांत नोंदवितां येतें. परदेशांतून आणलेलें वाहनहि यांत येतें. अट एवढीच कीं, त्याच्या सांगाड्यांत, अंगांत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज नमुना २० वर करावयाचा. त्यासोबत विम्याचा कागद, भारतांत पूर्वींच नोंदलेल्या गाडीचें जुनें पुस्तक, आणि गाडी परदेशांतून आणलेली असल्यास कस्टमचें ‘बिल ऑफ एंट्री’ जोडावयाचें. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये ठरविलें आहे. प्रमाणपत्र ६० दिवसांत द्यावें असें नियम सांगतो. तें दहा वर्षें चालतें, आणि पुढील नोंदणीस ५,००० रुपये पडतात.

नंबरासंबंधीं या नियमांत एक सहृदय तरतूद आहे. नव्यानें नोंदल्या जाणाऱ्या गाडीस राज्याच्या अक्षरांपुढें विंटेजदर्शक ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें, मग दोन अक्षरांची मालिका व मग आंकडा, असा नंबर मिळतो. परंतु जी गाडी पूर्वींच नोंदलेली आहे तिला आपला मूळ नंबर ठेवतां येतो. आईच्या फोटोंतील ती ‘बी. एम.’ अक्षरांची पाटी त्या ऑस्टिनवर तशीच राहूं शकते. घरांतील वृद्ध माणसांना स्वतःचा टेलिफोन आठवत नाहीं, पण पहिल्या मोटारीचा नंबर पाठ असतो. त्या आठवणीला सरकारनें दिलेली ही मान्यताच म्हणावयाची.

अर्थात् या मानाची किंमत आहे. विंटेज म्हणून नोंदलेली गाडी नेहमींच्या ये-जा करण्यासाठीं किंवा धंद्यासाठीं वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, शास्त्रीय अभ्यास, आणि पेट्रोल भरणें वा दुरुस्ती करणें, एवढ्याच निमित्तांनीं ती रस्त्यावर यावी, असा निर्बंध आहे. म्हणजे धाकट्या भावास येथें आपला हट्ट सोडावा लागतो. तो विचारील, “आपलीच गाडी, आणि आपल्यालाच कचेरींत नेतां येऊं नये, हा कुठला न्याय?” त्याचा प्रश्न अगदींच चुकीचा नाहीं. ज्याला ती रोज चालवावयाची असेल, त्यानें साधी नोंदणी ठेवावी. मग इतर जुन्या वाहनांप्रमाणें दर पांच वर्षांनीं तपासणी व नूतनीकरण, आणि त्याचें शुल्क, हें सर्व त्यानें सोसावें. परंतु दोन्ही गोष्टी एकदम मागतां येत नाहींत. वारसा म्हणून सवलत हवी, तर वारशासारखी जपणूकहि हवी. वाहन म्हणून स्वातंत्र्य हवें, तर वाहनाचे सर्व नियमहि हवेत. ही निवड रागानें किंवा हौसेनें न करतां, घरांत बसून विचारानें केली पाहिजे.

ही गोष्ट झाली घरांत पूर्वींपासून असलेल्या गाडीची. आतां जो आज अशी गाडी समुद्रापलीकडून आणूं पाहतो, त्याच्या वाटेचा विचार करावा. या वाटेला जाणारे लोक वाढण्याचें एक कारण असें कीं, या देशांतील कित्येक उत्तम गाड्या पूर्वींच बाहेर गेल्या आहेत. १९१० सालीं इंग्लंडांत बांधलेली आणि कलकत्त्यांतील एका हौशी इंग्रज गृहस्थानें मागविलेली राजहंसाच्या आकाराची मोटार प्रसिद्ध आहे. ती पुढें नाभा संस्थानच्या राजघराण्याकडे गेली, आणि आज हॉलंडांत हेग शहरीं लाउमन संग्रहालयांत उभी आहे. गेलेली गाडी परत आणावयाची, किंवा तिच्या तोलाची दुसरी आणावयाची, तर तिला परदेशी मालाप्रमाणेंच बंदरांतून यावें लागतें.

पूर्वींच्या आयात धोरणांत १ जानेवारी १९५० पूर्वीं बनलेल्या मोटारी स्वतःच्या वापरासाठीं परवान्यावांचून आणण्याची मुभा होती. त्यामुळें १९५० नंतरच्या कित्येक नामांकित गाड्या बाहेरच राहत. २०२५ सालीं ही मर्यादा बदलून पन्नास वर्षांचें सरकतें माप लावण्यांत आलें. त्यामुळें आयातीचें व नोंदणीचें माप सारखें झालें, ही मोठीच सोय झाली. तथापि मुभा म्हणजे माफी नव्हे. कस्टमची आकारणी नुसत्या खरेदीच्या किंमतीवर होत नाहीं. तींत बोटीचें भाडें व वाटेचा विमा धरला जातो, आणि मोटारीवरील कर तर अतिशय जबर असतो. परदेशांत स्वस्त दिसलेली गाडी न्हावाशेव्याच्या बंदरांतून बाहेर पडेपर्यंत केवढी होते, याचा हिशेब ज्यानें आधीं केला नाहीं, त्याची गाडी गोदींत व तो वकिलाकडे, अशी स्थिति होते. गोदींत मालाचें भाडें दिवसागणिक चढतें, हें वेगळेंच.

म्हणून परदेशी गाडीचा सौदा करणारानें पैसे पाठविण्यापूर्वीं चार गोष्टी मागवाव्यात. सांगाड्यावरील व इंजिनावरील आंकड्यांचा स्पष्ट फोटो. त्या देशांतील नोंदणीचा मूळ कागद. पहिली नोंदणी केव्हां झाली याचा पुरावा. आणि विक्रीची रीतसर पावती. पहिल्या नोंदणीच्या पुराव्याचें महत्त्व विशेष आहे, कारण पन्नास वर्षें मोजावयाचीं तीं कारखान्यांत गाडी बनल्यापासून नव्हे, तर पहिल्या विक्रीनंतरच्या नोंदणीपासून. गाडी एका सालीं बनून दुसऱ्या सालीं विकली गेली, तर तेवढ्या महिन्यांच्या फरकानें अर्ज अडूं शकतो. गाडी अमेरिकेंतील असेल तर तिचें स्टिअरिंग बहुधा डाव्या बाजूस असणार. अशी गाडी भारतांत चालवावयाची तर तिला नियमांत सांगितलेलें इशारा देण्याचें साधन चालू स्थितींत बसविलेलें असलें पाहिजे, हेंहि लक्षांत ठेवावें.

या सर्व कागदांतून एकच आंकडा प्रवास करीत असतो. विक्रीच्या पावतींतून तो बोटीच्या कागदांत जातो, तेथून बिल ऑफ एंट्रींत, तेथून विम्यांत, आणि अखेरीस नोंदणीच्या अर्जांत. पहिल्याच ठिकाणीं कारकुनानें रोमन ‘ओ’ अक्षराच्या जागीं शून्य लिहिलें, किंवा ‘आय’च्या जागीं एक लिहिला, तर ती चूक पांच कागदांत पसरते, आणि आर. टी. ओ. मधील अधिकारी पेन्सिलीचा ठसा समोर धरून जेव्हां तिकडे बोट दाखवितो, तेव्हां दुरुस्तीस मागें मागें पार परदेशापर्यंत जावें लागतें. अधिकाऱ्यास अशा वेळीं शिव्याशाप देण्यांत अर्थ नाहीं. गाडी खरी आहे हें त्यानें श्रद्धेनें मानावें अशी अपेक्षा करणें म्हणजे त्या दलालाचीच वाट मोकळी करून देणें होय. प्रामाणिक मालकाचें खरें संरक्षण अधिकाऱ्याच्या काटेकोरपणांतच आहे.

नोंदणी झाली म्हणजे मालकी पुरी झाली असें मात्र नाहीं. येथून तिसरी गोष्ट, म्हणजे निगा, सुरू होते. आणि तिचाहि कागदाशीं संबंध आहे. दुरुस्ती व फेरफार यांतील सीमा मालकानें ओळखली पाहिजे. झिजलेलें बेअरिंग बदलणें ही दुरुस्ती. जुनें इंजिन काढून नव्या गाडीचें बसविणें हा फेरफार. पहिलीनें गाडीचें आयुष्य वाढतें, दुसऱ्यानें तिची ओळख जाते. काळानुसार कांहीं गोष्टी कराव्या लागतात, त्यांत दोष नाहीं. हल्लींच्या पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें ओलावा धरून ठेवतें आणि जुन्या रबरी नळ्यांना खातें. तेव्हां नळ्या नव्या रबराच्या बसविणें आणि गाडी महिनोन्‌महिने उभी रहावयाची असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करणें, हें शहाणपणाचें. मात्र काढलेला प्रत्येक जुना भाग चिठ्ठी लावून ठेवून द्यावा, आणि काय बदललें, केव्हां बदललें, याची एका वहींत तारीखवार नोंद करावी. पुढच्या मालकास, मग तो मुलगा असो वा परका, ती वही इंजिनाइतकीच उपयोगी पडते.

पुढचा मालक! जुन्या मोटारीच्या मालकीचें सारें रहस्य या दोन शब्दांत आहे. नवी मोटार मनुष्य आपल्यासाठीं घेतो, आणि दहापंधरा वर्षांत ती संपते. जुनी मोटार त्याच्या आधींपासून असते आणि, त्यानें हेळसांड न केली तर, त्याच्या मागूनहि राहते. तो मधला एक धारक असतो. त्याचें नांव पुस्तकांत एका ओळींत येतें. वरच्या ओळींत कोणी एक डॉक्टर, खालच्या ओळींत अजून न जन्मलेला कोणी. आपल्या वांट्यास आलेली ओळ खरी व सुवाच्य राखणें, एवढेंच त्याचें कर्तव्य. आपल्यानंतर ही गाडी कोणी ठेवावी, तिचे कागद कोठें आहेत, किल्ली कोठें आहे, हें ज्यानें जिवंतपणीं घरांत सांगून ठेवलें, त्यानें आपल्या मुलांना मोटार दिली; ज्यानें सांगितलें नाहीं, त्यानें त्यांना कोडें घालून ठेवलें.

त्या बंगल्यांतील भावंडांनीं अखेर काय केलें असेल, याची कल्पना करणें अवघड नाहीं. थोरल्यानें विकण्याचा विषय पुन्हां काढला नाहीं, धाकट्यानें इंजिनाचा हट्ट सोडला, आणि गाडी बहिणीच्या नांवावर करण्यास दोघांनीं संमतिपत्रावर सह्या केल्या. दसऱ्यास ऑस्टिनला नेहमींप्रमाणें हार घातला गेला, आणि धाकट्यानें हँडल मारलें. फरक इतकाच झाला कीं, पूजेला या वेळीं गाडीबरोबर एक नवी फाइल मांडली होती. आणि संध्याकाळीं तिच्यावरचें कुंकू पुसून बहिणीनें ती बाबांच्या ट्रंकेंत, पंचांगांच्या वर, सर्वांना दिसेल अशी ठेवून दिली.